धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात, सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचं पाणी पोचतं अशा एका गावात दोन भाऊ राहत होते. वाटणी झाली तेव्हा जमीन सारखी आली, विहीर सामायिक राहिली आणि मधोमध एक धुरा पडला. दोघांच्याही वावरात हळद. या भागात वर्षाचा सगळा हिशेब हळदीवर चालतो: लेकीचं लग्न, पोराची फी, सोसायटीचं कर्ज. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या कितीतरी आधीपासून इथली माणसं हळदीनेच पिवळ्या झालेल्या हातांनी नोटा मोजत आली आहेत.

हळदीला शेणखत लागतं आणि भरपूर लागतं. हेक्टरी २५ टन आणि त्याहूनही जास्त घालावं अशी शिफारस आहे. त्यामुळे अक्षय तृतीया जवळ आली की गावोगाव शेणखताच्या ट्रॉल्या फिरू लागतात. कुणाचं खत चांगलं, कुणाचं कच्चं, यावर पारावर वाद होतात. या दोन भावांचा वाद मात्र धुऱ्यावरच व्हायचा आणि दरवर्षी व्हायचा.

थोरल्याच्या आखाड्यावर सहा संकरित गायी होत्या. दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीला. गायींवर बँकेचं कर्ज होतं, त्यामुळे एखादी गाय एक वेळ खाईना झाली तरी त्याच्या पोटात गोळा यायचा. मग फोन लावायचा, मोटारसायकलवर कुणीतरी यायचं आणि ‘पावरची सुई’, म्हणजे प्रतिजैविक, टोचून जायचं. ताप उतरला की दुसऱ्या दिवशीची सुई रद्द. उरलेली बाटली गोठ्यातल्या देवळीत ठेवायची आणि पुढच्या खेपेला आपल्याच हाताने टोचायची. २०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा त्याने देवळीतल्या सगळ्या बाटल्या संपवल्या. लम्पी हा विषाणूचा आजार. प्रतिजैविक विषाणूवर चालत नाही. अंगावरच्या गाठी फुटून त्यात जंतू शिरले तर डॉक्टर ते देतात. पण घाबरलेला माणूस एवढं विचारत बसत नाही आणि त्यालाही कुणी आपणहून सांगितलं नाही. त्याच्या गोठ्याचं शेण रस्त्याकडेला ढीग घालून पडलेलं असायचं. वरून वाळलेलं, आतून हिरवं. वैशाखात जेसीबी लावून तेच ट्रॉलीत भरायचं आणि वावरात ओतायचं.

धाकट्याकडे लाल कंधारी. तांबडी, घट्ट बांध्याची, दुधाला कमी पण मराठवाड्याच्या उन्हात टिकणारी जात. आपल्या गाईला कधी सुई टोचावी लागली नाही याचा त्याला मोठा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. गुरांची निगा तो मनापासून राखायचा. गोठा कोरडा ठेवायचा, गोचीड हाताने वेचायचा, लस कधी चुकवायचा नाही. फक्त शेणाबद्दल त्याची एक ठाम समजूत होती: देशी गाईचं शेण जितकं ताजं तितकं गुणाचं. म्हणून रोज सकाळी गोठा झाडला की शेण पाटाच्या पाण्यात कालवायचं आणि सरळ हळदीच्या सऱ्यांत सोडायचं.

“दादा, तुझ्या शेणात औषध हाय. ते माझ्या वावरात येऊ देऊ नको,” धाकटा म्हणायचा.

“तुझ्या गाईला दूध तरी हाय का? मग औषध कशाला लागल?” थोरला उलटून बोलायचा.

माय दोघांचं ऐकायची आणि विहिरीकडं निघून जायची. विहिरीलगतचे चार-पाच गुंठे तिने वाटणीत स्वतःकडे ठेवले होते. त्यात वांगी, मेथी आणि घरापुरती हळद. तिचा उकिरडाही तिथेच, तिने स्वतः राखलेला.

हळदीच्या काढणीचे दिवस होते. थोरल्याच्या सगळ्यात दुधाळ गाईला दगडी झाली. मागचा एक सड कडक झाला, हाताला गरम लागू लागला, दुधात गाठी पडू लागल्या. नेहमीची सुई झाली. तीन दिवसांनी औषध बदललं. गाईचा ताप हटेना, सड आणखी सुजला. शेवटी तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी सड स्पिरिटने पुसले, पहिल्या धारा सोडून दिल्या, मग निर्जंतुक बाटलीत थोडं दूध घेतलं आणि परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासणीला पाठवलं. थोरल्याची मुलगी परभणीतच सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. अहवाल आणायला तीच गेली.

तिथे तिला काचेची बशी दाखवली. बशीत तळाला अगारचा पिवळसर थर, त्यावर दुधातले जंतू सारखे पसरून वाढवलेले, आणि वर कागदाच्या छोट्या छोट्या गोल चकत्या ठेवलेल्या. एकेका चकतीत एकेक औषध. औषध लागू पडलं तर चकतीभोवती जंतू वाढत नाहीत आणि स्वच्छ वर्तुळ उमटतं. त्या बशीत बहुतेक चकत्यांना वर्तुळ नव्हतंच. जंतूंचा पांढरट थर थेट चकतीच्या कडेला येऊन भिडला होता. एका चकतीभोवती जेमतेम बारीकशी कड मोकळी होती. एकीलाच नीट वर्तुळ होतं. मुलीने अशा बशा कॉलेजात पाहिल्या होत्या, परीक्षेत त्यांची आकृतीही काढली होती. आपल्याच गोठ्यातलं दूध त्यात पाहून मात्र तिला बोलवेना.

ज्या औषधाला वर्तुळ होतं ते दिलं, गाय वाचली, पण सड गेला. तीन सडांची गाय बाजारात कोण घेणार? डॉक्टरबाई शेवटची सुई द्यायला आल्या तेव्हा त्यांनी गोठ्यात बसून थोरल्याला एकेक प्रश्न विचारला. आधी कोणती औषधं दिली? किती दिवस? बाटली कुठून आणली? औषध चालू असतानाचं दूध डेअरीला घातलं का?

“नाही बाई. पाप कशाला घ्यायचं? ते सगळं उकिरड्यावर ओतलं.”

डॉक्टरबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी सांगितलं ते त्या मुलीने वहीत उतरवून घेतलं. जनावराला दिलेलं औषध त्याच्या अंगात सगळं खर्ची पडत नाही. टेट्रासायक्लिनच्या कुळातली औषधं तर बऱ्याच प्रमाणात जशीच्या तशी शेण-मुतातून बाहेर येतात. अर्धवट डोसाने गाईच्या आतड्यातले मवाळ जंतू मरतात. औषधाला दाद न देणारे उरतात आणि त्यांनाच मोकळं रान मिळतं. तेही शेणातूनच बाहेर पडतात. म्हणजे त्या ढिगात औषध होतं, औषध पचवणारे जंतू होते आणि वर औषधाचं दूध ओतलेलं होतं. शिवाय जंतूंची एक खोड अशी की औषध पचवण्याची ताकद ते फक्त आपल्या पिढीला देत नाहीत. शेजारच्या, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही ते आपलं जनुक देऊन टाकतात. जंतूंमध्ये जनुकांची देवाणघेवाण होते, हे लेडरबर्ग आणि टेटम या शास्त्रज्ञांनी १९४६ सालीच दाखवून दिलं होतं.

“म्हणजे माझ्या वावरात…” थोरला म्हणाला आणि थांबला.

“तुमच्याच वावरात राहतं असंही नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही नावाच्या डॉक्टरांनी १९७६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. बोस्टनजवळच्या एका शेतावर कोंबड्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन मिसळलं. आधी कोंबड्यांच्या पोटात दाद न देणारे जंतू वाढले आणि काही महिन्यांत त्या शेतावर राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसांच्या पोटातही तसले जंतू सापडू लागले. त्या माणसांनी औषधाची एक गोळीही घेतली नव्हती. आपल्याकडेही सरकारने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन हे औषध खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना आणि कोंबड्यांना द्यायला बंदी घातली. माणसांच्या अतिदक्षता विभागात बाकी सगळं हरलं की डॉक्टर ते वापरतात. तेच कोंबडीच्या खाद्यातून उधळलं जात होतं.

ही सगळी हकीकत धाकट्याच्या कानावर गेली. भावाच्या गाईचं त्याला वाईट वाटलं, पण दुसऱ्याच दिवशी धुऱ्यावर येऊन तो बोललाच, “मी सांगत होतो का नाही? आता माझ्या वावरातली माती ने, पोरी. तुझ्या त्या बशीत घाल. देशी गाईचं शेण काय असतं ते तुझ्या बाबाला कळू दे.”

मुलीने कॉलेजात मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, कर, पण याला संशोधन म्हणू नको, हे प्रात्यक्षिक आहे. मातीतल्या जंतूंपैकी फार थोडे आपल्या बशीत वाढतात, हे विसरू नको. मुलीने चार ठिकाणची माती आणली: बाबांचं वावर, काकांचं वावर, कधीच खत न पडलेला गवताळ धुरा आणि आज्जीचे चार गुंठे. प्रत्येक माती सारख्याच पाण्यात कालवली, पातळ केली आणि पेनिसिलिनच्या कुळातलं औषध घातलेल्या बशांत पसरली. औषध न घातलेल्या बशाही शेजारी ठेवल्या.

धुऱ्याच्या मातीच्या बशीत तुरळक ठिपके आले. बाबांच्या मातीची बशी ठिपक्यांनी भरून गेली. ते तिला अपेक्षितच होतं. काकांच्या मातीची बशीही तशीच भरली होती. तिने नावाच्या चिठ्ठ्या पुन्हा पाहिल्या. सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. बशा तशाच आल्या.

घरी येऊन तिने काकांना बशांचे फोटो दाखवले. धाकटा बराच वेळ मोबाइलकडे पाहत राहिला. “आमच्या गाईला सुईच नाही. मग हे आलं कुठून?”

“मातीतूनच, काका.”

आणि हे खरं आहे. प्रतिजैविकं कारखान्यात जन्मली असं आपल्याला वाटतं. मुळात त्यातली बरीचशी मातीचीच लेकरं आहेत. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेतल्या रटगर्स इथे वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत, अल्बर्ट शात्झ या विद्यार्थ्याला सापडलं ते मातीतल्या जंतूपासून. क्षयरोग्यांना जीवदान देणारं पहिलं औषध मातीने दिलं. जंतू एकमेकांशी लढायला ही विषं बनवतात, आणि ज्यांच्यावर ती चालून जातात ते त्यांच्यावर उतारा शोधतात. हा उतारा माणसाच्या औषधांहून फार जुना आहे. कॅनडाच्या युकॉन भागात ३० हजार वर्षं गोठून राहिलेल्या मातीतही औषधांना दाद न देणारी जनुकं सापडली. ते संशोधन २०११ साली प्रसिद्ध झालं. तेव्हा असे जंतू कोणत्याही वावरात असतातच, पण थोडे, एका कोपऱ्यात.

ताजं शेण पडलं की हे चित्र पालटतं. २०१४ साली येल विद्यापीठातल्या जो हँडल्समन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. एका मातीत रासायनिक खत घातलं, दुसरीत शेण. शेण अशा गायींचं की ज्यांना प्रतिजैविक दिलेलंच नव्हतं. तरीही शेण घातलेल्या मातीत पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधांना दाद न देणारे जंतू कितीतरी वाढले. आणि ते बरेचसे गाईच्या पोटातून आलेले नव्हते. मातीतच आधीपासून राहणारे होते. गावात चार-दोन घरं असावीत, तिथे अन्नछत्र उघडावं आणि नेमकी त्याच घरांची वस्ती वाढावी, तसं झालं. कच्च्या शेणातल्या अन्नावर बहुधा मातीतले काही ठरावीक जंतू जोमाने वाढतात आणि नेमके त्यांच्यातच औषध पचवण्याची ताकद असते.

मला या गोष्टीत थोरल्यापेक्षा धाकट्याबद्दल जास्त वाटतं. त्याने काही चुकीचं टोचलं नव्हतं, काही लपवलं नव्हतं. गाय चांगली, म्हणून तिचं सगळं चांगलं, एवढाच त्याचा विश्वास. पण माती गाईची जात विचारत नाही. शेण कच्चं की कुजलेलं, एवढंच तिला कळतं.

दोघांचा दोष मात्र सारखा नव्हता, हे मुलीनेही सांगितलं. काकांच्या वावरात मातीचेच जंतू वाढले होते. बाबांच्या वावरात तेही वाढले होते आणि वर गाईच्या पोटातले, औषधं पचवून आलेले जंतू पडले होते, औषधाच्या अंशासकट. अशा दोघांची एकाच मातीत गाठ पडली की जनुकांची देवाणघेवाण होण्याची संधी वाढते. आणि त्याच मातीत आपण मेथीची जुडी उपटतो, अनवाणी पाणी देतो, खुरप्याने बोट कापून घेतो.

“मग शेण टाकूच नये का?” धाकटा चिडून म्हणाला. “युरियावर शेती करावी? जमीन दगड होऊन जाईल.”

प्रश्न रास्त होता. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आधीच कमी. शेणखत तोडलं तर हळदीचा कंदही पोसायचा नाही. मुलीकडे उत्तर नव्हतं. फक्त चौथी बशी होती. आज्जीच्या मातीची. तिच्यावरचे ठिपके धुऱ्याच्या मातीहून थोडे जास्त होते, पण दोन्ही भावांच्या वावरांहून पुष्कळ कमी.

“माय, तू काय घालतीस तुझ्या वाफ्यात?” धाकट्याने विचारलं.

माय काही बोलली नाही. तिने भिंतीला टेकवलेली लोखंडी पहार उचलली आणि धाकट्याला आणि नातीला घेऊन विहिरीजवळच्या ढिगाशी गेली. ढीग कमरेएवढा, बाहेरून तपकिरी. तिने पहार मधोमध खोल रोवली, थोडा वेळ तशीच राहू दिली आणि उपसून धाकट्याच्या हातात दिली. त्याने चटकन दुसऱ्या हातात घेतली, मग खाली टाकली. पहार धरवत नव्हती.

“इतकं तापल्यावर त्यात काय जगंल?” माय म्हणाली. “गार झालं की पुन्हा वरखाली करायचं. मग पुन्हा तापतं. तिसऱ्यांदा तापलं नाही की समजायचं, झालं. मातीचा वास येतो तेव्हा.”

तिच्या ढिगात शेणाचा एक थर, वर हळदीचा पाला, तुरीचं भुसकट, सोयाबीनचं काड, पुन्हा शेण. पाणी मुठीत दाबलं तर ओल जाणवेल एवढंच. पावसाळ्यात वरून ताडपत्री. दोन्ही भावांच्या वडिलांनी कधीकाळी पुसदला जाऊन नाडेप टाकं पाहिलं होतं. पुसद पैनगंगेच्या पलीकडं, यवतमाळ जिल्ह्यात. तिथल्या नारायणराव पांढरीपांडे म्हणजे ‘नाडेप काकां’नी विटांच्या भिंतीत भोकं ठेवून हवा खेळवणारं हे टाकं शेतकऱ्यांना दिलं आणि ते देशभर गेलं. वडिलांनीही एक टाकं बांधलं होतं. पुढे गोठ्याची भिंत पडली तेव्हा त्याच्या विटा तिकडे लागल्या. टाकं गेलं, पण खताला हवा लागते, ही गोष्ट मायने सोडली नाही. नुसता साठवलेला, पावसात भिजणारा, कधी न हलवलेला ढीग हे कुजलेलं खत नव्हे, हे तिला ठाऊक होतं. थोरल्याचा ढीग सहा महिने पडून असायचा, तरी आत हिरवाच राहायचा तो त्यामुळेच.

डॉक्टरबाईंना पहारीची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांना आनंद झाला. ढिगात हवा खेळली की आतलं तापमान ५५ अंशांच्या वर जातं. काही दिवस ते तसंच राहिलं, ढीग उलटला, पुन्हा तापला, की रोगाचे जंतू मरतात, तणाचं बी मरतं, टेट्रासायक्लिनसारखी औषधं बरीचशी मोडतात, दाद न देणाऱ्या जंतूंची संख्या खाली येते. पण त्यांनी थोरल्याला लगेच बजावलं. सगळीच औषधं उष्णतेने मोडत नाहीत आणि सगळी जनुकंही ढिगात नाहीशी होत नाहीत. “ढीग कितीही चांगला लावा, देवळीतल्या बाटलीचं पाप तो पूर्ण फेडणार नाही. ते गोठ्यातच थांबवावं लागेल.”

थोरल्याने देवळीतल्या उरलेल्या बाटल्या त्यांच्या पिशवीत घातल्या. गोठ्याच्या भिंतीवर खडूने एक रकाना आखला: तारीख, गाय, औषध, किती दिवस, दूध कधीपर्यंत बंद. धार काढण्याआधी कास धुऊन पुसायची आणि धार काढल्यावर सड औषधी द्रावणात बुडवायचे, एवढं तो आता चुकवत नाही. दगडीच्या सुया त्यामुळेच कमी लागतात. औषधाचं दूध ढिगावर पडत नाही. त्याला विहिरीपासून दूर वेगळा खड्डा आहे. धाकट्याचा बदल लहान दिसतो, पण त्याला जास्त जड गेला असणार. ताजं शेण पाटात सोडणं त्याने बंद केलं. धुऱ्याच्या टोकाला दोघांनी मिळून एक ढीग लावला, कारण धाकट्याच्या एकट्या गोठ्याच्या शेणावर मोठा ढीग होत नाही आणि लहान ढीग नीट तापत नाही. तो वरखाली करायला पावसाळ्यात दोघांनाही यावं लागतं.

हिंगोली जिल्ह्यात यंदाच्या हळदीचं शेणखत अजून कुठेतरी ढिगातच असेल. वाचणाऱ्यांपैकी ज्याचं वावर आहे त्याने लावणीआधी त्या ढिगात पहार रोवून पाहावी आणि आत हिरवं लागलं तर ट्रॉली थांबवावी. ज्याच्या गोठ्यात उरलेल्या औषधाची बाटली आहे, त्याने ती आजच पशुवैद्यकाच्या हाती द्यावी. आणि जनावराच्या आजारात दोन सुयांनी फरक पडला नाही तर तिसरी टोचण्याआधी दूध तपासायला पाठवावं.